सातव्या दशांशापर्यंत हुशार

मुंबईत कोणाला काय मिळावं हे ठरवण्याच्या दोन सरकारी पद्धती आहेत आणि गिरणी कामगारांच्या डिलाईल रोडला दोन्ही तोंडपाठ आहेत. घर द्यायचं असेल तर सोडत काढतात, कॉलेज द्यायचं असेल तर पर्सेंटाइल काढतात. सोडत काढताना सरकार निदान खरं बोलतं. घरं कमी आहेत, माणसं जास्त आहेत, पात्र सगळेच आहात, आता नशीब तुमचं. १ मार्च २०२० रोजी म्हाडाने बॉम्बे डाईंग आणि श्रीनिवास मिलच्या जमिनींवरच्या ३,८९४ घरांसाठी गिरणी कामगारांची सोडत काढली, तेव्हा अर्ज दीड लाखाच्या वर होते. ज्यांना घर लागलं नाही त्यांनी नशिबाला, सरकारला आणि गिरणीमालकाला यथाशक्ती शिव्या दिल्या. पण आपण कमी दर्जाचे गिरणी कामगार होतो असं त्यांतल्या कोणालाही वाटलं नाही. आता समजा, अशाच एका कामगाराची नात इंजिनीअरिंगच्या सीईटीला बसली. तिला ९७.४१८३६२९ पर्सेंटाइल मिळाले, शेजारच्या खोलीतल्या मुलाला ९७.४२०११७५ मिळाले, आणि हव्या त्या कॉलेजची यादी नेमकी त्या दोघांच्या मधे बंद झाली. लगेच अख्ख्या मजल्याचं एकमत होतं की तो हुशार आणि ही थोडक्यात राहिली. माझं म्हणणं असं की इथेही सोडतच निघाली आहे. फरक इतकाच की घराच्या सोडतीला दशांशचिन्ह नसतं.

आधी पर्सेंटाइल म्हणजे काय ते पाहू, कारण निकालाच्या दिवशी पेढे वाटणाऱ्या निम्म्या लोकांना ते ठाऊक नसतं आणि उरलेल्या निम्म्यांना ते कबूल करायचं नसतं. पर्सेंटाइल म्हणजे रांगेतली जागा. लालबागच्या राजाच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला आपल्या मागे किती लोक आहेत हे सांगता येतं. त्यावरून त्याच्या भक्तीचं माप कोणी काढत नाही. सीईटीचा हिशेब तसाच आहे. तुमच्या सत्रात तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी गुण मिळवणारे जितके, त्यांना सत्रात बसलेल्या एकूण संख्येने भागायचं आणि शंभराने गुणायचं. म्हणजे नव्वद पर्सेंटाइलवाल्याला दोनशेपैकी एकशेऐंशी पडले असा कोकणातल्या काकांचा समज होतो तो चुकीचा; त्याला निम्म्याच्या आसपासही पडले असतील, पण त्याच्या सत्रातले दर दहांतले नऊ त्याच्या पुढे गेलेले नाहीत. याचं दुसरं टोक सप्टेंबर २०२३मध्ये दिसलं. वैद्यकीय पदव्युत्तर जागा रिकाम्या राहू लागल्या म्हणून केंद्र सरकारने नीट-पीजीची पात्रता चक्क शून्य पर्सेंटाइलवर आणली. लोक हादरले: शून्य मार्कांचे डॉक्टर आता ऑपरेशन करणार! प्रत्यक्षात शून्य मार्कांनाही भिण्याचं कारण नव्हतं, कारण उणे चाळीस गुण मिळवणाराही त्या नियमाने पात्र होता. (हे सगळे आधी एमबीबीएस झालेले होते, हे त्या गदारोळात कोणी सांगितलं नाही.) शेवटचा माणूसही रांगेतच असतो, एवढाच त्या शून्याचा अर्थ. रांग कुठे जाते आणि तिच्यातल्या कोणाला काय येतं, याबद्दल तो आकडा एक अक्षर बोलत नाही.

रांग लावावी का लागते, यालाही सबळ कारण आहे. २०१९पासून ही सीईटी संगणकावर होते आणि सगळ्या महाराष्ट्राला एकाच सकाळी बसवता येतील इतके संगणक नाहीत. २०२५ साली भौतिक-रसायन-गणिताच्या गटात सव्वाचार लाखांच्या आसपास मुलं बसली. ती बरेच दिवस, सकाळ-दुपारच्या सत्रांत विभागली जातात आणि प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी असते. एकीची सोपी, एकीची अवघड. सोमवारचे एकशेवीस आणि गुरुवारचे एकशेवीस सारखे नाहीत हे कोणीही मान्य करील. म्हणून प्रत्येकाला त्याच्या सत्राच्या रांगेत उभं करायचं आणि मग सगळ्या रांगा एकत्र गुंफायच्या. सत्रांत मुलं सरसकट वाटली गेली असतील, तर सगळ्या सत्रांची सरासरी हुशारी सारखीच असणार, हे यामागचं गृहीतक. ते वाईट नाही. प्रत्येक सत्राचा पहिला येणारा शंभर पर्सेंटाइल घेऊन बाहेर पडतो, त्यामुळे दरवर्षी राज्यात पहिले आलेले एकापेक्षा जास्त असतात आणि वर्तमानपत्रांना फोटो लहान करावे लागतात. इथपर्यंत माझी काही तक्रार नाही. तक्रार दशांशचिन्हाच्या उजवीकडे सुरू होते.

सव्वाचार लाख मुलांत एक पर्सेंटाइल म्हणजे सव्वाचार हजार मुलं. पहिल्या दशांशाच्या एका अंकात सव्वाचारशे मुलं बसतात, दुसऱ्यात बेचाळीस, तिसऱ्यात चार. चौथ्या दशांशावर पोचलो की एका अंकाच्या वाट्याला अर्धाही विद्यार्थी येत नाही. सातव्या दशांशावर येतो तो विद्यार्थ्याचा सुमारे चोवीसशेवा हिस्सा, म्हणजे फार तर त्याची करंगळी, तीही नखं कापून. एवढ्या बारीक अंशाची हुशारी कोणत्या यंत्राने मोजली? कोणत्याच नाही, ती भागाकारातून आली. एका सत्राला समजा २०,००० मुलं बसली आणि दुसऱ्याला २०,१३७. पहिल्या सत्रात दुसऱ्या आलेल्या मुलीला ९९.९९५०००० मिळतील आणि दुसऱ्या सत्रात दुसऱ्या आलेल्या मुलाला ९९.९९५०३४०. मुलगा पुढे गेला. कशामुळे? त्याच्या सत्राला १३७ माणसं जास्त आली म्हणून. मुलीच्या सत्रातल्या आणखी दोनशे जणांची त्या सकाळी लोकल चुकली नसती, तर तीच पुढे गेली असती. राज्याच्या गुणवत्ता यादीत कोण वर हे मध्य रेल्वेच्या वेळापत्रकावर ठरू शकतं, आणि ते सात दशांशांपर्यंत अचूक ठरतं.

हे दशांश कशासाठी, हे राष्ट्रीय परीक्षा संस्था जेईईच्या संदर्भात लपवून ठेवत नाही: एकाच आकड्यावर गर्दी होऊ नये आणि बरोबरी टळावी म्हणून सात दशांश. म्हणजे मोजण्यासाठी नव्हे, भांडण मिटवण्यासाठी. तेही ठीक आहे. पण तेवढे सात दशांश खर्चूनही बरोबरी झालीच तर पुढे जे होतं ते वाचण्यासारखं आहे. सीईटीत आधी विषयवार पर्सेंटाइल पाहतात, मग बारावीचे गुण, मग दहावीचेही. २०२२च्या जेईई मेनच्या नियमांत तर विषयवार गुण आणि चुकीच्या उत्तरांचं प्रमाण यांनंतर वय होतं, जो मोठा तो पुढे. आणि वयही सारखं निघालं तर ज्याचा अर्ज क्रमांक लहान तो पुढे. म्हणजे शेवटच्या टोकाला देशातल्या अव्वल इंजिनीअरांची निवड, फॉर्म सुरू झाला त्या रात्री कोणाच्या घरचं वायफाय चालू होतं यावर. बीडीडी चाळीत हे ऐकून कोणाला धक्का बसणार नाही. रेशनच्या केरोसीनचा नियम अनेक वर्षं हाच होता.

आता परीक्षेच्या आत डोकावू. गणिताचे पन्नास प्रश्न दोन-दोन गुणांचे, भौतिकशास्त्राचे आणि रसायनशास्त्राचे पन्नास-पन्नास एकेका गुणाचे. एकूण दोनशे गुण. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे कोणताही शहाणा मुलगा एकही प्रश्न कोरा सोडत नाही, आणि क्लासवालेही शेवटच्या पाच मिनिटांत उरलेल्या प्रश्नांवर कुठेही क्लिक करून टाकायला सांगतात. दीडशेपैकी चाळीस प्रश्न कोणी डोळे मिटून भरले असं धरा. सरासरीने त्यांतले दहा बरोबर येतात. पण सरासरी फक्त सरासरीच्याच नशिबी असते. संभाव्यतेचा साधा हिशेब केला तर अशा तिघांतल्या एकाला दहाऐवजी सात किंवा त्याहून कमी, नाहीतर तेरा किंवा त्याहून जास्त बरोबर येतील. हे तीन प्रश्न गणितातले निघाले तर सहा गुण. सव्वाचार लाख मुलं दोनशे गुणांवर अगदी सारखी पसरली तरी एका गुणावर दोन हजारांहून जास्त बसतात, आणि मुलं सारखी कधीच पसरत नाहीत. मधल्या पट्ट्यात ती गणपतीतल्या चिंचपोकळीच्या पुलासारखी दाटतात. म्हणजे डोळे मिटून फिरवलेल्या माऊसने एक मुलगा बारा-पंधरा हजार मुलांच्या पुढे किंवा मागे जाऊ शकतो. त्यानंतर आपण त्याची जागा सातव्या दशांशापर्यंत लिहून काढतो. चाळीस प्रश्न नशिबावर सोडून निकाल करंगळीच्या नखापर्यंत मोजणं हा आमच्या काळातला खरा विज्ञाननिष्ठ दृष्टिकोन.

नशिबाचा वाटा परीक्षार्थ्याकडेच असतो असंही नाही. परीक्षा घेणारेही आपला वाटा उचलतात. २७ एप्रिल २०२५च्या सकाळच्या सत्रात गणिताच्या पन्नासांपैकी एकवीस प्रश्नांच्या पर्यायांत घोळ निघाला. ज्या प्रश्नाचं बरोबर उत्तर पर्यायांतच नाही त्याचं उत्तर ओळखण्याची कला अभ्यासक्रमात नव्हती, त्यामुळे त्या सत्रातल्या सत्तावीस हजारांहून जास्त मुलांची ५ मे रोजी फेरपरीक्षा झाली. चूक मान्य करून परीक्षा परत घेतली, हे सीईटी कक्षाला शोभलंच. पण घोळ एकवीसांऐवजी दोनच प्रश्नांत असता तर? तर कदाचित कोणाच्या लक्षात आला नसता, आणि त्या दोन प्रश्नांचे चार गुण, म्हणजे आठ-नऊ हजार जागा, शांतपणे इकडच्या तिकडे झाल्या असत्या. २०२४च्या नीटमध्ये तर आकडेच फितूर झाले. १८० प्रश्न, बरोबर उत्तराला चार गुण, चुकीला एक वजा. अशा पेपरात ७२० मिळू शकतात, एक प्रश्न सोडला तर ७१६, एक चुकला तर ७१५. त्यांच्यामधे काहीच शक्य नाही. आणि निकालात ७१८ आणि ७१९वाले उगवले. काही केंद्रांवर वेळ वाया गेला म्हणून १,५६३ मुलांना वाढीव गुण दिले होते. ते मागे घेऊन त्यांना फेरपरीक्षेचा पर्याय द्यावा लागला. ७२०पैकी ७२० मिळवणारे ६७ निघाले होते, पण त्यांतल्या ४४ जणांना ते भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाची दोन उत्तरं मान्य केल्यामुळे मिळाले होते; जुन्या पुस्तकात एक उत्तर, नव्या पुस्तकात दुसरं. सर्वोच्च न्यायालयाने आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांना विचारलं, त्यांनी एकच उत्तर बरोबर ठरवलं, आणि अखेर पैकीच्या पैकी मिळवणारे सतराच उरले. चार लाखांहून जास्त मुलांचे पाच-पाच गुण एका प्रश्नाने गेले. त्या मुलांची जीवशास्त्राची समज रात्रीत घसरली नव्हती. फक्त एका अणूबद्दलचं अधिकृत उत्तर बदललं होतं.

यावर पहिला आक्षेप सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत भक्कम आहे: निदान इथे वशिला चालत नाही. डिलाईल रोडने हा आक्षेप पोटतिडकीने घ्यावा, कारण वशिल्याचा संपूर्ण अभ्यासक्रम या रस्त्यावर शिकवला गेला आहे. गिरण्यांच्या काळात कामावर कोणाला घ्यायचं हे जॉबर ठरवायचा. सकाळच्या भोंग्याला बदली कामगार दारात उभे राहायचे, आणि कोण आत जाईल हे जॉबरचं गाव, जात, नातं आणि हातावर पडलेली दस्तुरी यांवर ठरायचं. त्या माणसांच्या नातवंडांना संगणकाने नंबर द्यावा आणि त्या संगणकाला गावच नसावं, ही लहान प्रगती नव्हे. माटुंग्याची व्हीजेटीआय १८८७ साली निघाली, त्या काळच्या गिरण्यांना तंत्रज्ञ हवेत हे तिच्यामागचं एक मोठं कारण होतं. पण खात्यात सांचे चालवणाऱ्या माणसाचा मुलगा त्या तंत्रज्ञांत असावा अशी कोणाची अपेक्षा नव्हती. आज तो तिथे पोचतो तो परीक्षेमुळेच. परीक्षा बंद करा असं म्हणणाऱ्याला मी जॉबरच्या हवाली करीन. पण वशिला गेला म्हणजे नशीबही गेलं, हा हिशेब चुकतो. परीक्षेने जॉबरला घालवलं. नशिबाला तिने फक्त चष्मा लावून टेबलामागे बसवलं. आणि जॉबरबद्दल एक गोष्ट कबूल करायला हवी, की त्याने ज्याला परत पाठवलं त्याला आपण वशिल्याअभावी परत गेलो हे पक्कं ठाऊक असायचं. पर्सेंटाइलने परत पाठवलेला मात्र आपल्यातच काही कमी होतं असं समजून घरी जातो.

दुसरा आक्षेप सरकारी गोटातला: सूत्र अजून सुधारलं की हे दोष जातील. या आशेवर महाराष्ट्राने जवळपास वीस वर्षं काढली आहेत. अकरावीच्या प्रवेशात राज्य मंडळाच्या आणि इतर मंडळांच्या मुलांचे गुण सारखे कसे धरायचे म्हणून २००८ साली पर्सेंटाइलचं सूत्र आलं. मुंबई उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. २००९मध्ये नव्वद टक्के जागा एसएससीवाल्यांना राखून ठेवायचा सरळ उपाय निघाला. तोही रद्द झाला. २०१०मध्ये सहा विषयांतले सर्वोत्तम पाच धरायचे ठरलं. ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि एकदाचं टिकलं. इंजिनीअरिंगला सीईटी होती, मग २०१४ आणि २०१५ ही दोन वर्षं निम्मं बारावी आणि निम्मं जेईई मेन असा मिश्र काढा दिला गेला, मग २०१६पासून पुन्हा सीईटी. २०२१ साली करोनामुळे दहावीची परीक्षाच झाली नाही, अंतर्गत मूल्यमापनाने ९९.९५ टक्के मुलं पास झाली आणि आता अकरावीला कोणाला घ्यायचं हे कळेना, म्हणून २१ ऑगस्टला अकरावीचीच सीईटी जाहीर झाली. १० ऑगस्टला उच्च न्यायालयाने ती रद्द केली. प्रत्येक सूत्र आधीच्यापेक्षा जास्त अचूक म्हणून आलं आणि त्यांतली बहुतेक डिलाईल रोडहून टॅक्सीने वीस मिनिटांवरच्या उच्च न्यायालयाच्या दगडी इमारतीत जाऊन पडली. सूत्रं बनवणारी माणसं मूर्ख होती म्हणून हे झालं नाही. हजार जागा आणि त्यांना लायक दहा हजार मुलं असतील, तर नऊ हजारांना बाहेर ठेवण्याचं असं कोणतंही सूत्र नाही जे त्या नऊ हजारांना पटेल. लायकीने सुटणारा हा प्रश्नच नाही. तो संख्येचा आहे, आणि संख्येच्या प्रश्नाला लायकीचं उत्तर दिलं की कोर्टात जावं लागतं.

शिवाय अचूकतेच्या नादात सूत्राची भाषा अशी झाली आहे की घरातल्या दहावी पास माणसाला ती कळू नये. कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, फेरीची कटऑफ यादी उघडली की तिथे जीओपीईएनएस, एलओपीईएनएच अशी अक्षरं दिसतात. जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे लेडीज, शेवटी एस असेल तर राज्यस्तर, एच असेल तर आपल्या विद्यापीठाचं क्षेत्र, ओ असेल तर बाहेरचं. त्यावर मिळालेली जागा पक्की करायची ती फ्रीझ आणि आणखी चांगलीसाठी थांबायचं ती बेटरमेंट. २०२५पासून पहिल्या फेरीत पहिलाच पसंतीक्रम लागला तर जागा आपोआप पक्की, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनांतला, तिसरीत पहिल्या सहांतला. पसंतीक्रम कसा भरावा हे सांगण्याचा आता स्वतंत्र धंदा आहे, आणि तो पसंती असणाऱ्यांपेक्षा पैसे असणाऱ्यांना जास्त कळतो. वशिला दारातून गेला आणि समुपदेशन शुल्क भरून खिडकीतून आला, असं म्हणायचा मोह होतो. पण तो मी आवरतो, कारण त्यांतले काहीजण खरोखर चांगला सल्ला देतात.

मग करायचं काय? माझी सूचना साधी आहे आणि ती ऐकताच घरोघरच्या आया संतापतील. परीक्षा घ्यावी, पर्सेंटाइल काढावा, आणि तो पूर्णांकावर थांबवावा. ज्या कॉलेजात ज्या शाखेची यादी ९७वर बंद होते तिथे ९८ आणि त्यावरचे सगळे सरळ घ्यावेत. ९७च्या खणात जितके उरले असतील त्यांची उघड, सगळ्यांसमोर, कॅमेऱ्यापुढे सोडत काढावी. संतापाचं पहिलं कारण असं असेल की दोन वर्षं पोरीने पाठ मोडून अभ्यास केला तो काय चिठ्ठ्या काढायला? नाही, अभ्यास तिला ९७च्या खणात आणण्यासाठी होता आणि त्याने ते काम चोख केलं. तिच्या मागे चार लाख मुलं आहेत, ती काही सोडतीने मागे गेलेली नाहीत. त्या खणातल्या चार हजारांत पहिला कोण आणि शेवटचा कोण, हे अभ्यासाने ठरतच नव्हतं. ते सत्र, पर्याय, हजेरी आणि क्लिक यांवर ठरत होतं. सोडत आजही निघते, पण बंद खोलीत निघते आणि निकालावर गुणवत्ता असं लिहून येतं.

दुसरा मुद्दा जास्त अवघड आहे: खणाच्या कडेला काय? ९६.९वाली मुलगी ९७.१वाल्यासारखीच आहे, मग तिला सोडतीतसुद्धा जागा का नाही? हा आक्षेप खरा आहे, आणि तो माझ्या योजनेइतकाच आजच्या यादीलाही लागू आहे. तिलाही कुठेतरी कडा असतेच, फक्त ती सातव्या दशांशावर असल्यामुळे कोणाला दिसत नाही. डच लोकांनी यावर एक तोडगा काढला होता. नेदरलँड्समध्ये १९७०च्या दशकापासून २०१७पर्यंत वैद्यकीयसारख्या मर्यादित जागांच्या अभ्यासक्रमांना वजनदार सोडत चालायची: शाळेत जितके चांगले गुण तितकी नाव निघण्याची शक्यता जास्त, पण पूर्ण खात्री कोणालाच नाही आणि दार पूर्ण बंदही कोणालाच नाही. कडाच उरली नाही. नव्वदच्या दशकात दहापैकी साडेनवाच्या वर सरासरी असलेल्या एका मुलीला सोडतीने लागोपाठ तीनदा हुकवलं तेव्हा देशभर ओरड झाली, आणि १९९९पासून आठच्या वर सरासरी असणाऱ्यांना थेट प्रवेश मिळू लागला. पुढे सोडत बंद करून त्यांनी मुलाखती आणि प्रेरणापत्रं सुरू केली. त्यात सुशिक्षित घरांतल्या मुलांच्या प्रेरणा जास्त ठळक निघू लागल्याची टीका झाली, आणि २०२३पासून विद्यापीठांना सोडतीची मुभा परत दिली गेली. हा अनुभव मला आपल्याकडे जसाच्या तसा उचलायचा नाही. त्यांचा देश छोटा आहे आणि त्यांच्याकडे क्लास लावायला दादरला जावं लागत नाही. पण चांगल्या गुणांना वजन आणि उरलेल्यात सोडत हे मिश्रण एका शहाण्या देशाने चार दशकं चालवलं आणि त्यांचे डॉक्टर त्यामुळे बिघडले नाहीत, एवढं त्यातून घ्यायला हरकत नाही.

तिसरा आक्षेप विश्वासाचा: सोडतीत घोटाळा होणार नाही कशावरून? ज्या राज्यात पेपर फुटतात तिथे चिठ्ठ्या फुटणार नाहीत? फुटतीलही, म्हणून सोडत सगळ्यांसमोर हवी. पण या आक्षेपावर डिलाईल रोडचं उत्तर माझ्यापेक्षा जास्त वजनाचं आहे. डिलाईल रोडच्या, म्हणजे कागदोपत्री ना. म. जोशी मार्गावरच्या, बीडीडी चाळींतल्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांबदली ५०० चौरस फुटांची घरं बांधली जात आहेत, आणि कोणाला कितवा मजला, कोणती दिशा, रुळांकडची खिडकी की मागची, हे म्हाडाच्या संगणकीय सोडतीने ठरतं. चार पिढ्या एकाच व्हरांड्यात राहिलेल्या माणसांनी आपला उरलेला जन्म कोणत्या खिडकीतून बघायचा हे सोडतीवर सोपवलं. हरकती झाल्या, भांडणं झाली, पण मागच्या खिडकीवाल्याला तू गुणवत्तेत मागे पडलास असं कोणी म्हटलं नाही. त्याच घरातलं पोर पहिलीत शिक्षण हक्क कायद्याच्या पंचवीस टक्क्यांत खासगी शाळेत जातं तेही सोडतीनेच. सहाव्या वर्षी सोडत चालते, साठाव्या वर्षी घराला सोडत चालते. मधल्या अठराव्या वर्षीच तेवढे देवाने सात दशांश मोजावेत अशी आपली श्रद्धा आहे.

खरी अडचण मला वेगळीच दिसते, आणि तिच्यावर माझ्याकडे उत्तर नाही. अपोलो मिलच्या जागेवर टॉवर उभा राहिला त्या रस्त्यावर जूनमध्ये क्लासवाल्यांचे फ्लेक्स लागतात. गोल चौकटीत मुलांचे फोटो, खाली ९९.९८७६५४३, शेजारी नगरसेवकाचा हात जोडलेला फोटो, खाली 'आमच्या विभागाचा अभिमान'. आकडा जितका लांब तितका फ्लेक्स भारदस्त, आणि त्यावरच पुढच्या वर्षाची फी ठरते. पूर्णांकावर थांबलो तर त्या चौकटीत नुसते ९९ येतील आणि नाक्यापासून पुलापर्यंत सगळ्यांना तेच येतील. त्याखाली 'सोडतीत नाव लागले, आमच्या क्लासचे बेचाळीस विद्यार्थी' असं लिहिलं तर पुढच्या वर्षी पालक एवढाच प्रश्न विचारतील की नाव लागण्याची बॅच कोणत्या वेळेची आहे, आणि तिला डिस्काउंट मिळेल का.